बरण्यांमधली हृदये

१९२८ साली अमेरिकन हार्ट जर्नल या नियतकालिकात एका चौदा वर्षांच्या मुलाच्या शवविच्छेदनाची हकीकत छापून आली. हृदयातून निघणारी शरीरातली सर्वांत मोठी रक्तवाहिनी, म्हणजे महाधमनी, त्याच्या छातीत एका ठिकाणी पूर्ण बंद होती. नुसती अरुंद नव्हे, बंद. तिच्या मुखाशी असलेल्या झडपेला तीनऐवजी दोनच पाकळ्या होत्या. महाधमनीची भिंत फाटण्याच्या बेतात आली होती. आणि मुलगा दगावला तो मात्र मेंदूतल्या विकाराने. एकाच मुलात इतके सगळे निघाले, हा दुर्दैवी योगायोग म्हणून सोडून देता आले असते. पण निबंधाच्या दोन लेखकांपैकी एक होत्या मॉन्ट्रियलच्या डॉ. मॉड ॲबट. त्यांनी त्याच वर्षी, त्याच नियतकालिकात, जगभरच्या वैद्यकीय ग्रंथांत विखुरलेल्या अशा दोनशे शवविच्छेदनांचा हिशेब मांडला. महाधमनीचे हे जन्मजात आकुंचन आणि दोन पाकळ्यांची झडप वारंवार एकत्र सापडतात, आणि त्या दोघांच्या जोडीला महाधमनीची भिंतही कच्ची असते, हे त्यातून दिसले.

आज इकोच्या रिपोर्टवर बायकस्पिड व्हॉल्व्ह असे लिहून आले की आम्ही डॉक्टर लगेच महाधमनीची रुंदी विचारतो, पायातले बीपी घेतो. ही सवय आमच्या हाताला लागली त्यामागे ॲबटबाईंचा तो हिशेब आहे. गंमत म्हणजे त्यांना हे काम कुणी सन्मानाने दिले नव्हते. दुसरे काही मिळत नव्हते म्हणून त्यांना एका वैद्यकीय संग्रहालयातल्या बरण्या लावण्याचे काम मिळाले होते.

मॉड यांचा जन्म १८६० च्या दशकाच्या अखेरीस कॅनडाच्या क्विबेक प्रांतातल्या सेंट अँड्र्यूज ईस्ट या खेड्यात झाला. वडील धर्मोपदेशक. स्वतःच्याच अपंग बहिणीच्या खुनाचा आरोप त्यांच्यावर आला, खटला चालला, ते सुटले. पण गावाच्या मनातून ते सुटले नाहीत. बायको आणि मुलींना मागे ठेवून ते निघून गेले. आई क्षयाने गेली तेव्हा मॉड सात महिन्यांची होती. आजीने मॉड आणि तिची थोरली बहीण ॲलिस यांना पदराखाली घेतले आणि कायद्याने त्यांना आपले आडनाव दिले. बाबिन आडनावाच्या मुली ॲबट झाल्या. आजीच्या या एका निर्णयाने त्यांच्या वाट्याला आलेली कुजबुज बरीच थांबली असणार.

पंधराव्या वर्षापर्यंत शिक्षण घरीच. मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठाने १८८४ साली कला शाखेत मुलींना प्रवेश द्यायला सुरुवात केली होती. मॉड तिथे गेल्या आणि १८९० साली सुवर्णपदकासह पदवीधर झाल्या. आता त्यांना डॉक्टर व्हायचे होते, तेही मॅकगिलमध्येच. त्यांनी अर्ज केला, गावातल्या प्रतिष्ठितांचा पाठिंबा मिळवला, वृत्तपत्रांतून चर्चा घडली. वैद्यकीय विभागाने दार उघडले नाही. ते दार स्त्रियांसाठी उघडायला १९१८ साल उजाडावे लागले.

त्याच शहरात बिशप्स कॉलेजचे छोटे वैद्यकीय महाविद्यालय होते, त्यांनी मॉडना घेतले. वर्गात त्या एकट्याच स्त्री. १८९४ साली त्या डॉक्टर झाल्या, आणि शरीररचनाशास्त्राचे पारितोषिक घेऊन झाल्या. पुढे तीन वर्षे युरोपात, बहुतेक काळ व्हिएन्नात, त्यांनी शिक्षण घेतले. ॲलिस सोबत होती. परदेशातच ती आजारी पडली आणि त्यातून तिला मानसिक आजार जडला, तो आयुष्यभर राहिला. तिची जबाबदारी मॉड यांनी शेवटपर्यंत वाहिली. त्यांच्या चरित्रात हा भाग दोन ओळींत उरकला जातो. पण घरात असा रुग्ण असला की बाहेरच्या कामाचा प्रत्येक तास कुठून चोरून आणावा लागतो, हे ज्यांच्या घरी असे माणूस आहे त्यांना सांगायला नको.

१८९७ साली त्यांनी मॉन्ट्रियलमध्ये दवाखाना काढला. जोडीला रॉयल व्हिक्टोरिया रुग्णालयात हृदयाच्या आवाजांवर त्या संशोधन करू लागल्या. स्टेथोस्कोपमधून ऐकू येणारी मर्मर ही दर वेळी रोगाचीच असते असे नाही, निरोगी हृदयातही ती येऊ शकते, हा तेव्हा चांगलाच वादाचा विषय होता. शेकडो रुग्णांच्या नोंदी घेऊन त्यांनी त्यावर निबंध लिहिला. स्थानिक वैद्यकीय संस्थेत स्त्रियांना सभासदत्व नव्हते, म्हणून तो एका पुरुष डॉक्टरने वाचून दाखवला. निबंध इतका सरस ठरला की संस्थेने नंतर त्यांना सभासद करून घेतले.

१८९८ साली मॅकगिलच्या वैद्यकीय संग्रहालयात साहाय्यक म्हणून त्यांची नेमणूक झाली. ज्या विभागाने विद्यार्थिनी म्हणून नाकारले, त्याच विभागाच्या तळघरातल्या बरण्या आता त्यांच्या स्वाधीन झाल्या. पदरी पडले आणि पवित्र झाले, अशातली ही गत. पॅथॉलॉजीचे संग्रहालय ज्यांनी पाहिले आहे त्यांना कल्पना येईल. फॉर्मालिनचा डोळ्यांत चुरचुरणारा वास, पिवळट पाण्यात तरंगणारे अवयव, पुसट झालेल्या चिठ्ठ्या. आम्ही विद्यार्थी असताना परीक्षेच्या आदल्या दिवशीच तिकडे फिरकायचो.

कामाची पद्धत पाहून यावी म्हणून त्या अमेरिकेतली संग्रहालये बघायला निघाल्या. वाटेत बाल्टिमोरला जॉन्स हॉपकिन्समध्ये त्यांची विल्यम ऑस्लर यांच्याशी गाठ पडली. ऑस्लर मूळचे मॅकगिलचेच. मॉन्ट्रियलच्या मुक्कामात त्यांनी स्वतःच्या हातांनी शेकडो शवविच्छेदने केली होती आणि त्यातले नमुने याच संग्रहालयात पडून होते. दोन पाकळ्यांच्या महाधमनी झडपेवर आणि तिला होणाऱ्या जंतुसंसर्गावर १८८६ साली लिहिणारेही तेच. या बरण्यांमध्ये केवढा खजिना आहे हे त्यांनी या नवख्या डॉक्टरला समजावून सांगितले. मॉड परत आल्या त्या वेगळ्याच नजरेने.

एका बरणीत एक विचित्र हृदय होते. माणसाच्या हृदयाला चार कप्पे असतात, याला तीनच. खालचा कप्पा एकच. चिठ्ठीवर धड माहिती नव्हती. मॉड यांनी ऑस्लरना पत्र लिहून विचारले, मग जुने अंक धुंडाळले आणि पत्ता लागला. मॅकगिलच्या वैद्यकीय विभागाच्या संस्थापकांपैकी एक, डॉ. अँड्र्यू होम्स यांनी १८२४ साली या हृदयाचे वर्णन एडिंबराला प्रसिद्ध केले होते. ते विशी ओलांडलेल्या एका तरुणाचे होते. म्हणजे असे हृदय घेऊनही माणूस विशीपर्यंत पोहोचू शकतो. मॉड यांनी ते प्रकरण १९०१ साली नव्याने छापून आणले. जन्मजात हृदयविकारांचा नाद त्यांना लागला तो इथून.

तेव्हाच्या डॉक्टरांना या विकारांत फारसा रस नव्हता, आणि त्याला कारणही होते. निदान झाले तरी करायचे काय? शस्त्रक्रिया नाही, औषध नाही. मूल निळे पडले की आईबापांना सांगायचे आणि वाट पाहायची. असे विकार म्हणजे निसर्गाच्या चुका, प्रत्येक चूक वेगळी, त्यात शिकण्यासारखे काही नाही, असाच समज होता. मॉड यांनी प्रश्न उलटा धरला. चुका खरोखरच मोकाट आहेत की त्यांनाही काही वळण आहे? हे कळायला एक हृदय पुरत नाही, शेकडो लागतात. म्हणून त्या मोजत गेल्या.

ऑस्लर आपल्या मोठ्या वैद्यकीय ग्रंथमालेची जुळवाजुळव करत होते. जन्मजात हृदयविकारांचे प्रकरण त्यांनी मॉडना लिहायला सांगितले. ४१२ हृदयांच्या नोंदींवर आधारलेले ते प्रकरण १९०८ साली प्रसिद्ध झाले. ऑस्लर यांनी त्यांना पत्र पाठवून मनापासून शाबासकी दिली. मधल्या काळात, १९०७ साली, मॅकगिलच्या वैद्यकीय इमारतीला आग लागली आणि संग्रहालयाचे फार मोठे नुकसान झाले. होम्स यांचे हृदय वाचले, ऑस्लर यांचेही काही नमुने वाचले. मॉड यांनी उरलेले गोळा केले आणि पुन्हा मांडायला घेतले. याच सुमारास स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय वैद्यकीय संग्रहालय संघटनेच्या त्या चिटणीस झाल्या, आणि तीसेक वर्षे तिचे पत्रक चालवत राहिल्या. देशोदेशीच्या संग्रहालयांशी पत्रव्यवहार असल्याचा फायदा असा, की कुठे विचित्र हृदय सापडले की त्यांना कळायचे.

आता आपण त्या चौदा वर्षांच्या मुलाच्या छातीत परत जाऊ, कारण तिथे काय बिघडले होते हे नीट समजले पाहिजे.

महाधमनी हृदयाच्या डाव्या कप्प्यातून वर निघते, काठीच्या मुठीसारखी वळते आणि पाठीच्या कण्याला लागून खाली पोटात उतरते. वळणावरच डोक्याकडे आणि हातांकडे जाणाऱ्या शाखा फुटतात. गर्भात असताना बाळाची फुप्फुसे काम करत नसतात, म्हणून त्यांना वळसा घालणारी एक छोटी नळी महाधमनीला जोडलेली असते. जन्मानंतर ती मिटते. महाधमनीचे आकुंचन बहुधा नेमके या जोडाजवळ असते, हातांच्या शाखा सुटून गेल्यावर. परिणाम सरळ आहे. आकुंचनाच्या वरच्या भागात, म्हणजे डोक्यात आणि हातांत, रक्त दाबाने घुसते. खाली पायांत ते कमी दाबाने पोहोचते. नदीला बांध घातला की पाणी ओढ्यानाल्यांतून वाट काढते, तसे रक्त बरगड्यांखालच्या बारीक धमन्यांतून आडवाटेने खाली जाते. त्या धमन्या फुगून नागमोडी होतात आणि वर्षानुवर्षे घासून बरगडीच्या खालच्या कडेला खाचा पाडतात. छातीच्या साध्या एक्स-रेवर त्या खाचा दिसतात. हाताच्या मनगटाची नाडी ठणठणीत आणि जांघेतली नाडी क्षीण किंवा गायब, ही या रोगाची खूण.

झडपेची गोष्ट निराळी. तीन पाकळ्यांची झडप पूर्ण उघडते आणि पूर्ण मिटते. दोनच पाकळ्या असल्या की ती माशाच्या तोंडासारखी उघडते. तरुणपणी बहुतेकांना काहीच जाणवत नाही. पण दर ठोक्याला पाकळ्यांवर वेडावाकडा ताण येतो, त्या जाड होतात, त्यांत चुना साठतो, आणि ज्या झडपेने ऐंशी वर्षे टिकायचे ती पन्नाशी-साठीत अडते. काहींची गळते. काहींना तिथे जंतुसंसर्ग होतो. शंभरातल्या एक-दोन माणसांत अशी झडप असते. जन्मजात हृदयदोषांत हिच्याइतका सर्रास आढळणारा दुसरा नाही.

ॲबटबाईंच्या दोनशे माणसांपैकी अर्ध्याहून जास्त चाळिशीच्या आत गेली होती. मृत्यूची कारणे पुन्हा पुन्हा तीच येत होती. महाधमनी फुटणे, झडपेचा किंवा महाधमनीचा जंतुसंसर्ग, मेंदूतला रक्तस्राव, थकलेले हृदय. यातले फुटणे हे केवळ वाढलेल्या दाबाने होत नाही, नलिकेची भिंतच मुळात अशक्त घडलेली असते, ही समज पुढे पक्की झाली. आज आपण याला महाधमनीचा आजार म्हणतो, नुसता झडपेचा नव्हे. माझ्या मते त्यांच्या एकूण कामात हा निबंध सर्वांत उपयोगाचा आहे, जरी नाव झाले ते त्यांच्या नकाशाग्रंथाने.

मधली दोन वर्षे, १९२३ ते १९२५, त्या मॅकगिलमधून रजा घेऊन फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हेनियात पॅथॉलॉजीच्या प्राध्यापक म्हणून गेल्या. मराठी वाचकाला हे नाव ओळखीचे वाटेल. आनंदीबाई जोशी १८८६ साली डॉक्टर झाल्या त्या याच कॉलेजातून. मॅकगिलच्या वैद्यकीय विभागात जी पायरी स्त्रियांना चढता येत नव्हती, ती कल्याणच्या या मुलीने समुद्र ओलांडून आधीच चढलेली होती. फिलाडेल्फियाने मॉडना प्राध्यापकपद दिले. मॅकगिलने त्या परतल्यावर साहाय्यक प्राध्यापक केले, आणि निवृत्तीपर्यंत त्याच पदावर ठेवले. जगभरचे हृदयतज्ज्ञ ज्यांच्याकडे शंका विचारायला पत्रे पाठवत, त्यांची स्वतःच्या संस्थेतली ही किंमत. मानद पदव्या मात्र दिल्या, एक १९१० साली आणि दुसरी निवृत्तीच्या वर्षी. सन्मानाला पगार जोडलेला नसतो.

१९३६ साली अमेरिकन हार्ट असोसिएशनने त्यांचा जन्मजात हृदयविकारांचा नकाशाग्रंथ प्रसिद्ध केला. ४१२ ची संख्या आता एक हजारावर गेली होती. त्यांनी विकारांची तीन गटांत विभागणी केली. पहिल्या गटात हृदयाच्या दोन बाजूंमध्ये गैरवाट नाही, म्हणून निळेपणा नाही. महाधमनीचे आकुंचन या गटातले. दुसऱ्यात वाट आहे, पण निळेपणा उशिरा येतो. तिसऱ्यात मूल सुरुवातीपासून निळे. आज सोनोग्राफीच्या काळात हे साधे वाटते. पण तेव्हा डॉक्टरच्या हातात डोळे, बोटे, स्टेथोस्कोप, एक्स-रे आणि ईसीजी एवढेच होते, आणि या गटवारीमुळे समोरच्या जिवंत मुलाच्या छातीत आत काय असेल याचा अंदाज त्याला पहिल्यांदाच पद्धतशीर बांधता येऊ लागला.

त्यांच्या हयातीत या विकारांवरची एक शस्त्रक्रिया झाली. गर्भातली ती छोटी नळी काहींच्यात जन्मानंतरही उघडी राहते. बॉस्टनमध्ये रॉबर्ट ग्रॉस यांनी १९३८ साली एका लहान मुलीची अशी नळी बांधून टाकली. त्याच वर्षी बाल्टिमोरच्या हेलन टॉसिग मॉन्ट्रियलला येऊन ॲबटबाईंना भेटून, नमुने पाहून गेल्या. २ सप्टेंबर १९४० रोजी मॉड ॲबट मेंदूतल्या रक्तस्रावाने वारल्या. चार वर्षांनी, ऑक्टोबर १९४४ मध्ये, स्टॉकहोमला क्लॅरन्स क्रॅफोर्ड यांनी एका शाळकरी मुलाच्या महाधमनीचा आकुंचन पावलेला तुकडा कापून काढला आणि दोन टोके जोडली. पाठोपाठ नोव्हेंबरमध्ये बाल्टिमोरला टॉसिग यांच्या कल्पनेतून निळ्या बाळावरची पहिली शस्त्रक्रिया झाली. मेक्सिको सिटीच्या राष्ट्रीय हृदयरोग संस्थेसाठी चित्रकार दिएगो रिव्हेरा यांनी हृदयविज्ञानाचा इतिहास भिंतीवर रंगवला, तोही याच काळात. त्यातल्या डॉक्टरांच्या दाटीत स्त्री एकच आहे, मॉड ॲबट.

आमच्या सरकारी रुग्णालयातला अनुभव सांगतो. विशी-पंचविशीचा तरुण, भरतीच्या वैद्यकीय तपासणीत बीपी जास्त निघाले म्हणून येतो. चालल्यावर पोटऱ्या दुखतात, अधूनमधून नाकातून रक्त येते, डोके ठणकते, असे विचारल्यावर सांगतो. मूत्रपिंडाच्या तपासण्या आधीच कुठेतरी झालेल्या असतात. अशा वेळी जांघेत दोन बोटे ठेवायला अर्धे मिनिट लागते आणि पैसा लागत नाही. नाडी लागली नाही तर दंडाचे आणि मांडीचे बीपी घ्यायचे, मग इको आणि सीटी. आता बहुतेक मोठ्या मुलांत आणि प्रौढांत छाती न उघडता फुग्याने आणि जाळीने आकुंचन रुंद करता येते. लहान बाळांत शस्त्रक्रिया लागते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत हृदयाच्या अशा उपचारांची सोय आहे. अंगणवाडी आणि शाळांतून तपासणी करणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकांच्या यादीतही जन्मजात हृदयदोष आहेत. पथकाने पुढे पाठवले तर टाळू नये.

आकुंचन दुरुस्त झाले तरी फाइल बंद होत नाही. बीपी पुन्हा चढू शकते, जोड पुन्हा अरुंद होऊ शकतो. झडप दोन पाकळ्यांची असेल तर ठरावीक काळाने इको करून झडप आणि महाधमनीची रुंदी दोन्ही बघावी लागतात. दात आणि हिरड्या स्वच्छ ठेवाव्यात, कारण जंतू तिथूनही रक्तात शिरतात. महाधमनी फुगलेली असेल तर जिममध्ये श्वास रोखून मोठी वजने उचलू नयेत, आणि बाईला मूल हवे असेल तर आधी हृदयतज्ज्ञाला भेटावे. ही झडप घराण्यात चालत येऊ शकते. म्हणून अशा रुग्णाच्या आईवडिलांनी, सख्ख्या भावंडांनी आणि मुलांनी एकदा तरी इको करून घ्यावा. तक्रार काहीच नसली तरी.